तार परत, सुस्थितीत

पुतळीचं घर पडलं. मे महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमाराला, आधी मागची भिंत, मग आढं, मग उरलेलं, अशा क्रमाने ते पडलं.

आता हे विसरा. सरकारी दप्तरात पुतळीचं घर उभं आहे. नुसतं उभं नाही, सुरक्षित आहे. त्याचा फोटो आहे, फोटोवर तारीख आहे, अक्षांश-रेखांश आहेत. एवढा पुरावा असताना घर पडलं म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा घर पडलेलं नाही, आणि ते कसं पडलेलं नाही त्याची हकीकत अशी.

"बेन, तू खाली उतर. तू पडशील आन् माझा घर तसाच राहील," पुतळी खालून म्हणाली.

सुषमा स्टुलावर चढली होती. स्टूल पाटावर ठेवलं होतं आणि पाट शेणाने सारवलेल्या जमिनीवर. तिच्या हातात पक्कड होती, तोंडात तारेचा तुकडा होता, त्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही. तिने वाशाला आणि खांबाला तारेचे तीन वेढे घातले, पक्कडीने पीळ दिला, तोंडातला तुकडा हातात घेतला आणि मग म्हणाली, "मावशी, आता वाऱ्याला तुमचं छप्पर न्यायचं असेल तर खांबासकट न्यावं लागेल."

"नेल त?"

"खांब जमिनीत अडीच हात आहे."

"मंग जमीन पण नेल," पुतळी म्हणाली. ती सगळ्यांनाच तू म्हणायची आणि सगळ्यांचंच शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. वेवजीच्या त्या पाड्यावर हा गुण दुर्मीळ होता.

ही गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. सुषमा डहाणू रोडच्या ‘वळचण गृहमार्गदर्शन संस्थे’त गृहमार्गदर्शक होती. संस्था एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर होती. बारा वर्षं सुषमा तिथे होती, पण अकरा अकरा महिन्यांच्या कराराने. दर अकरा महिन्यांनी ती एक दिवस बेकार व्हायची आणि दुसऱ्या दिवशी नव्याने रुजू व्हायची. त्या एका दिवशी ती गोधड्या धुवायची. राहायची सरावलीला, भाड्याच्या खोलीत. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही घरमालकाची अट होती. त्यामुळे लोकांच्या घरी खिळे मारताना तिचा हात जरा जास्तच उत्साहाने चालायचा.

काम सोपं होतं. पावसाळ्याआधी तलासरी-डहाणूचे पाडे फिरायचे आणि लोकांना सांगायचं : वासे खांबांना संस्था देते त्या तारेने बांधा, पत्र्या-कौलांवर वाळूची पोती ठेवा, छपरावर आलेली फांदी तोडा, सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी पत्र्याच्या डब्यात. या कागदांच्या बाबतीत ती फार कडक होती. "कुणी साहेब आला आणि कागद मागितले, तर सगळे पुढे ठेवायचे. एकही लपवायचा नाही. लपवलं की संशय येतो." हे वाक्य तिने बारा वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की काही पाड्यांवरची पोरं तिला बघून आधीच म्हणायची.

तिच्याकडे दोन पत्रकंही होती. एक वादळाचं : घराबाहेर पडू नका. एक भूकंपाचं, कारण या भागात जमीनही अधूनमधून हलते : ताबडतोब घराबाहेर पडा. पुतळीचा दीर नविन, जो तिच्या शेजारीच राहायचा, त्याने भर सभेत विचारलं होतं, "बेन, वारा आन् धक्का एकदम आला त?" सुषमाने प्रश्न वर कळवला. आठ महिन्यांनी उत्तर आलं : दाराच्या चौकटीत थांबावे.

नविनने तार घेतली नाही. "माझ्या पत्र्यावर दगड हायेत ना," तो म्हणाला. "दगडाला कोण बांधते?"

पुतळीने मात्र सगळं केलं. फांदी तोडली, पोती भरली, पिशवी डब्यात घातली. फक्त एका गोष्टीचं काही करता आलं नाही. घराच्या मधोमध भात साठवायची एक कणगी होती. पुतळीचा नवरा काकड्या याने ती घर बांधलं त्या वर्षी आतच बसून विणली होती. विणता विणता त्याची तंद्री लागली आणि कणगी दारापेक्षा मोठी झाली. सारा पाडा हसला. काकड्या म्हणाला होता, "मंग काय झाला? भात काय चालत बाहेर जाणार हाय?" काकड्या जाऊन सहा वर्षं झाली होती. कणगी तिथेच होती. महत्त्वाच्या वस्तू आधी बाहेर काढायच्या, या सूचनेपुढे सुषमाने आपल्या फॉर्मवर लिहिलं : एक वस्तू निघत नाही.

मेमध्ये वादळ आलं. नविनचे पत्रे दगडांसकट गेले. दोन पत्रे लांबच्या एका चिकूच्या वाडीत सापडले. वाडीवाला परत देईना. त्याचं म्हणणं, ते वरून आले आहेत. मागोमाग पाऊस आला आणि नविनच्या भिंती बसल्या. पुतळीची चार कौलं सरकली. ती तिने दुपारपर्यंत जागेवर लावली आणि नविनच्या बायकोसाठी, संगितासाठी, चुलीवर भात टाकला.

पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आले. नविनच्या घराला त्यांनी ‘पूर्णतः नष्ट’ लिहिलं. मग पुतळीच्या घरात डोकावले, वर बघितलं, तार हाताने हलवून पाहिली, "छान," म्हणाले आणि लिहिलं : निरंक.

नविनला ताडपत्री मिळाली, मदत मिळाली आणि घरकुल मंजूर झालं. पक्कं, स्लॅबचं. पुतळीचं नाव घरकुलाच्या जुन्या यादीतही नव्हतं. यादी करणारे आले त्या दिवशी ती भाताच्या लावणीला गेली होती आणि घर इतकं नीट झाडलेलं होतं की त्यांनी गरज नाही अशी खूण केली होती.

सुषमा पंधरा दिवसांनी आली. पुतळीने कोरा चहा दिला आणि समोर बसली.

"बेन, एक विचारू?"

"विचारा ना मावशी."

"माझा घर पडला नाय, ही कोणाची चूक हाय?"

सुषमाने चहा संपवला. मग कप रिकामा असतानाही थोडा वेळ पीत राहिली.

संस्थेत मात्र आनंद होता. संचालक अमृत सर यांनी अहवालात लिहिलं : आमच्या मार्गदर्शनाखालील एकही घर पडले नाही. पुतळीच्या भिंतीवर निळा बोर्ड लागला, ‘वादळ-सज्ज घर’. तालुक्याचे मोठे साहेब आले, त्यांनी मोबाइलवरच्या सरकारी ॲपमध्ये घराचा फोटो चढवला आणि ‘सुरक्षित’ असा हिरवा शिक्का त्यावर उमटवला. मग मुंबईहून टोप्या घातलेले पाहुणे आले. त्यांनी पुतळीला विचारलं, या घरात राहताना कसं वाटतं.

"बरा वाटते," पुतळी म्हणाली.

"त्यांना सक्षम वाटतं," सुषमाने सांगितलं. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

हिवाळ्यात शेजारी नविनचं घर उभं राहिलं. गुलाबी रंगाचं. पुतळी रोज सकाळी अंगण झाडताना ते बघायची. रागाने नाही. ST कुठवर आली ते बघतात तसं.

त्याच सुमाराला सुषमाच्या कामाचं स्वरूप बदललं. पाड्यावर गेली की लोक तिला बाजूला घेत. पूर्वी ते ऐकायला टाळाटाळ करायचे, आता स्वतःहून विचारत.

"बेन, कुठला वासा काढला त नुसता मागचा भाग पडेल?" बाबल्याने विचारलं. हा रानशेतचा, चाळीस वर्षांचा, सरळ माणूस.

"असं नका विचारू, बाबल्याभाऊ."

"अर्धा पडला त चालते का?"

"अर्ध्याला अंशतः म्हणतात. त्याला घरकुल नाही मिळत."

"म्हंजे पुरा पाडायला पायजे," बाबल्या म्हणाला. "बरा झाला विचारला." आणि त्याने तिचे आभार मानले. परतताना टमटममध्ये सुषमाच्या लक्षात आलं की बारा वर्षांत तिचा सल्ला पहिल्यांदाच कुणी एका फटक्यात मानला होता.

या वर्षी एप्रिलमध्ये पुतळी स्वतः डहाणू रोडला आली. संस्थेचा जिना ती पहिल्यांदाच चढत होती. कडेवर पोर घ्यावं तसं तिने एक गाठोडं धरलं होतं. ते तिने सुषमाच्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत तार होती. सगळी. सरळ करून, तेल लावून, गोल वेटोळी घालून बांधलेली. कुठे गंजाचा ठिपका नाही.

"हे काय मावशी?"

"तुजी तार."

"सोडली का?"

"तुजी हाय ना. संस्थेची." पुतळी खुर्चीच्या कडेला टेकली. "आमच्या पाड्यात पेरणीच्या आधी मागून आणलेली वस्तू परत करत्यात. कोणाची कुऱ्हाड, कोणाचा सूप. दुसऱ्याचा घरात ठेवून पेरला त शेत रुसते. काकड्या त दुसऱ्याची सुई पण ठेवायचा नाय."

"पण ती वापरायला दिलीय."

"वापरली की. एक वादळ वापरली."

सुषमाने काय म्हणायचं हे ठरलेलं होतं. मावशी, तुम्ही घरी जा, मी उद्या येते, आपण पुन्हा बांधू. बारा वर्षं हे वाक्य तिच्या जिभेवर तयार असायचं. तिने पुतळीकडे पाहिलं. पुतळी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या स्लॅबकडे पाहत होती, बारकाईने, दुकानात कापड पाहतात तसं.

सुषमाने रजिस्टर ओढलं. साहित्य परत आलं की नोंद करावी लागते आणि चिठ्ठी द्यावी लागते. तिने चिठ्ठीवर आपल्या गोल अक्षरात लिहिलं : श्रीमती पुतळी काकड्या वरठा, वेवजी. तार परत मिळाली. सुस्थितीत. खाली सही केली, संस्थेचा शिक्का मारला.

"हा कागद पण पिशवीत ठेवू?" पुतळीने विचारलं.

"ठेवा," सुषमा म्हणाली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात इशारा आला. ताशी इतके वारे, किनारपट्टी, सतर्क राहावे. पुतळीने सकाळपासून घर रिकामं केलं. भांडी, गोधड्या, पाटा-वरवंटा, दोन शेळ्या, कागदांचा डबा. कणगी निघाली नाही. भात मात्र उपसून पोत्यात भरला. मग ती आंब्याखाली बसली आणि घराकडे बघू लागली.

पहिला दिवस वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी थोडा आला, त्याने वाळत घातलेलं लुगडं पाडलं. तिसऱ्या दिवशी नविन आपल्या गुलाबी घराच्या पडवीत खाट टाकून बसला.

"वैनी, पडला का?"

"नाय अजून."

"मी ढकलू?"

"हात लावू नको. ढकललेला चालत नाय."

"कोण बोलला?"

"कोण कशाला बोलेल. इतका समजते."

"मी तवाच सांगत होतो, सुषमाबेनचा ऐकू नको. माणूस कसा, वेळेवर पडला पायजे."

"तू पडलास तवा माझ्याच घरात जेवलास," पुतळी म्हणाली. नविनने खाट आत घेतली.

संध्याकाळी बातमी आली की वादळ समुद्रातच वळलं. चौथ्या दिवशी पुतळीने जमीन सारवली, भांडी आत नेली, भात परत कणगीत ओतला, शेळ्या बांधल्या. सुषमाचा फोन आला. ठीक आहात ना, तिने विचारलं. "हाय की," पुतळी म्हणाली, "आला नाय तो." सुषमाला वाटलं, आता सांगावं, तार घेऊन येते. पण फोनवर आवाज तुटत होता, म्हणजे तुटत होता असं तिने नंतर स्वतःला सांगितलं.

पुढच्या शनिवारी इशारा नव्हता. आकाश स्वच्छ होतं. दुपारी कुठूनसा वारा आला, दहा मिनिटं राहिला आणि गेला. इथे पुढचं वाक्य लिहायला हरकत नव्हती, पण आपलं आधीच ठरलं आहे. तेव्हा एवढंच, की चार वाजता पुतळी शेळ्या चारून परतली तेव्हा तिला वळणावरूनच आपली कणगी दिसली. आजवर ती कधी लांबून दिसली नव्हती.

सोमवारी भाऊसाहेब आले. सुषमाही आली. भाऊसाहेबांनी मोबाइल काढला, फोटो घेतला, थांबले, पुन्हा घेतला.

"काय झालं भाऊसाहेब?"

"घेत नाही. या ठिकाणी सुरक्षित घराची नोंद आहे, म्हणतं." ते चार पावलं मागे गेले, मग आंब्याकडून घेतला. "इकडूनही तेच. एकाच जागी दोन घरं चढत नाहीत, ताई. जरा त्या बाजूला पडलं असतं तर लोकेशन वेगळं आलं असतं."

"पण समोर दिसतंय ना तुम्हाला."

"मला दिसतंय हो. मला दिसून काय उपयोग?" भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी घाम पुसला. "एक करता येईल. वर दुरुस्तीसाठी पाठवतो. कागद आहेत?"

पुतळीने डबा उघडला. पिशवी काढली. पिशवीवर मातीचा कण नव्हता. तिने एकेक कागद भाऊसाहेबांच्या हातात दिला : रेशन कार्ड, आधार, सातबारा, काकड्याच्या मृत्यूचा दाखला, लाइटबिल. भाऊसाहेब थक्क झाले. "पंधरा वर्षं पंचनामे करतोय, एवढे व्यवस्थित कागद पहिल्यांदा बघतोय. कोणी शिकवलं, मावशी?"

"बेननं," पुतळी अभिमानाने म्हणाली आणि शेवटची चिठ्ठी दिली.

सुषमाने ती दुरूनच ओळखली. अक्षर स्वतःचं असलं की दुरूनही वाचता येतं.

"तार परत मिळाली, सुस्थितीत," भाऊसाहेबांनी मोठ्याने वाचलं. तारीख पाहिली. "ही छपराची तार?"

"हा."

"सोडली कोणी?"

पुतळीने सुषमाकडे पाहिलं. शाळेत उत्तर येत असलेलं मूल बाईंकडे बघतं, तसं. "मीच," ती म्हणाली. "परत नको करायला?"

"ताई, ही सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

सुषमा हो म्हणाली. नाही म्हटलं असतं तरी शिक्का होता. भाऊसाहेबांनी चिठ्ठीची घडी घातली. "ही नसती दाखवली तर पाठवलं असतं वर. आता मुद्दाम पाडलं म्हणतील," ते हळू म्हणाले. त्यांनी वहीत लिहिलं : घर अभिलेखानुसार सुरक्षित. नुकसान निरंक.

"काय लिवलास?" पुतळीने विचारलं.

"काही नाही मावशी," भाऊसाहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी अमृत सरांचा फोन आला. सुषमाने सगळं सांगितलं, चिठ्ठीचंही.

"म्हणजे ऑफिशियली घर पडलेलं नाही," सर म्हणाले.

"नाही."

"मग अहवाल बदलायला नको. छापून झालाय तो. बोर्ड शाबूत आहे का?"

बोर्ड शाबूत होता. दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि त्याने तो नविनच्या गुलाबी भिंतीवर लावला. नविनने आधी नको म्हटलं, मग विचारलं, "याच्यावर काय मिळते?" काही मिळत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग सरळ तरी लावा."

पुतळी आता नविनच्या पडवीत राहते. कणगी बाहेर आहे, जिथे होती तिथेच, वर प्लॅस्टिक टाकून. तिला बाहेर काढायला आता दाराची गरज नाही, पण आत न्यायला आहे, आणि नविनच्या दारातून ती जात नाही. सरकारी दार माप घेऊन केलेलं असतं.

काल सुषमा आली. पिशवीत कोरा कागद आणि शाईचं पॅड. पडवीत बसून तिने अर्ज लिहिला. पुतळी शेजारी बसून अक्षरं बघत होती.

"काय मागतेस?"

"घर."

"कोणचा?"

"तुमचंच, मावशी."

पुतळीने विचार केला. "मंग कणगीचा पण लिही," ती म्हणाली. "नायतर मागून अडचण होते."

सुषमाने लिहिलं. पुतळीने अंगठा उमटवला, शाई लुगड्याला पुसली आणि विचारलं की या कागदाची एक प्रत पिशवीत ठेवायची का. सुषमा म्हणाली, ठेवा. अर्ज असा :

प्रति,
मा. संबंधित अधिकारी यांसी,

विषय : दप्तरातील घरात राहण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, अर्जदार श्रीमती पुतळी काकड्या वरठा, रा. वेवजी, यांचे घर आपल्या दप्तरी उभे व सुरक्षित असल्याची नोंद आहे. सदर नोंदीबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तथापि सदर घर अर्जदारास जागेवर आढळून येत नाही. पावसाळा जवळ आला आहे. तरी आपल्या दप्तरातील सदर घरात अर्जदारास दोन शेळ्या व एक कणगी यांसह राहावयास जाण्याची परवानगी मिळावी. कणगी सुस्थितीत आहे. ती दारातून आत जात नसल्याने सदर घराची एक भिंत तात्पुरती काढून द्यावी, व कणगी आत गेल्यावर पूर्ववत उभी करावी, ही नम्र विनंती.